त्रेचाळीस सापळे

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानाच्या दाराला भावाचा कागद लागला. तो लागला की लोक पीठ आणायचं निमित्त करून येतात, कागद वाचतात आणि पीठ न घेताच परत जातात. मार्टिनच्या, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या मुंगसाएवढ्या केसाळ जनावराच्या, कातड्याला अठ्ठावीस डॉलर. तीन वर्षांपूर्वी त्याच कातड्याला शंभराच्या वर मिळत होते. मस्करॅटपुढे, म्हणजे पाणउंदरापुढे, आकडाच नव्हता, नुसती आडवी रेघ होती.

गॅस्पारने त्या रेघेकडे बराच वेळ बघितलं. "बरं झालं," तो म्हणाला. "यंदा मस्करॅट तरी सुखात जगतील."

जगात कुठेतरी बायकांनी केसाळ कोट घालायचं सोडलं होतं. का सोडलं ते आम्हाला कोणी कळवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पेट्रोलच्या भावाचा कागद लावत नाहीत. तो सगळ्यांना पाठ असतो.

मी गावच्या ट्रॅपर, म्हणजे सापळे लावणाऱ्यांच्या, कमिटीचा सेक्रेटरी. चार वर्षं विनिपेगला कॉलेजात होतो. तिथून जे काही शिकून आलो, त्यातलं सुवाच्य अक्षर तेवढं गावाच्या उपयोगी पडलं. दर वर्षी सरकारच्या वन्यजीव खात्याकडून एक फॉर्म येतो, 'हंगामाचा आराखडा' नावाचा. ज्याच्या नावावर सापळ्यांची लाइन, म्हणजे रानातली ठरलेली वाट, आहे त्याने तो भरायचा. कोणते प्राणी, किती सापळे, कधी निघणार. लोक गेल्या वर्षीचेच आकडे सांगतात, मी गेल्या वर्षीचेच लिहितो, आणि खातं बहुधा गेल्या वर्षीचंच वाचतं.

ओव्हीद लिंकलेटरच्या नावावर मात्र दोन हिवाळे एकही कातडं आलं नव्हतं. नियम असा, की सलग तीन हिवाळे जिच्या नावावर निदान दहा कातडी आली नाहीत, ती लाइन यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायची. हा तिसरा हिवाळा होता. ओव्हीदच्या आज्याने ती लाइन कुत्र्यांच्या गाड्यांच्या काळात धरली होती. म्हणून कोरा फॉर्म घेऊन मी स्वतःच त्याच्याकडे गेलो.

घरामागे चुलाणावर पिंप ठेवून तो काठीने काहीतरी ढवळत होता. उजवा गुडघा वाकत नाही म्हणून पाय पुढे लांब टाकून उभा होता.

"ओव्हीदमामा, काय शिजतंय?"

"जेवण. थांब, वाढतो तुलाही."

पिंपात सापळे होते. स्प्रूस झाडाच्या सालीबरोबर उकळले की ते काळे होतात, तेलाचा आणि माणसाचा वास जातो. शेडमधले वीसेक जुने, स्प्रिंगा ढिल्या झालेले सापळे होते ते. चांगले सगळे लाइनीवर होते, आणि दोन वर्षांपासून तिथेच होते.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात ओव्हीदचा मुलगा रोझेर एकटा लाइनीवर गेला. सापळे लावून झाल्यावर संध्याकाळी त्याने केबिनमधून रेडिओवर बापाला विचारलं, खिंड धरली आहे का. खिंड म्हणजे दोन तळ्यांमधली चिंचोळी जागा. वर बर्फ असतं, खालून पाणी धावत असतं, म्हणून ती धरते, म्हणजे घट्ट गोठते, उशिरा. ओव्हीद म्हणाला, "आठवडाभर वजा तीस आहे. धरली असणार. सरळ ये. काठाने आलास तर अर्धा दिवस जाईल." आमच्याकडे सगळ्या घरांत रेडिओ एकाच लहरीवर चालू असतो, करमणूक तीच. त्यामुळे ते बोलणं सगळ्या गावाने ऐकलं, आणि म्हणूनच त्याविषयी गावात कोणी कधी बोललं नाही. बर्फगाडी आणि तिच्यामागे ओढायची स्लेज खिंडीत तळाला गेली. रोझेर मे महिन्यात, बर्फ फुटल्यावर, सापडला.

लावलेले सापळे तसेच राहिले, झाडांना टेकवलेल्या तिरक्या वाशांवर, आमिषाच्या डब्यांत. हंगाम संपला की सापळे उतरवायचे, नाहीतर ते मारत राहतात आणि मेलेलं तिथेच लोंबत राहतं. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. पण दुसऱ्याच्या लाइनीवरच्या सापळ्याला हात लावायचा नाही, हेही त्याला कळतं. आमच्या गावात सगळे पाळतात असा तो एकच कायदा आहे. गावाने तो पाळला.

"फॉर्म आणलाय," मी म्हणालो.

"आत चल. ती विचारेल चहाचं."

तिने, म्हणजे त्याच्या बायकोने, फिलोमीनने, विचारलं नाही, कपच पुढे ठेवला. त्यांची सून बर्नीस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. ती नुकतीच आली होती, अंगाला तळणाचा वास होता. कोट न काढताच ती बटाटे सोलायला बसली. नवरा गेल्यावर ती माहेरी जाईल असं गावाला वाटलं होतं. ती गेली नाही, आणि का गेली नाहीस असं तिला कोणी विचारलंही नाही. त्या घरात प्रश्न विचारायची पद्धत मोडीत निघाली होती.

ओव्हीदने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला नकाशा टेबलावर पसरला आणि बोट ठेवलं गावावर. बोट नदीच्या तोंडाशी गेलं, बेटाला वळसा घालून मोठ्या तळ्यावरून निघालं आणि खिंडीपाशी आलं. तिथे ते उचललं गेलं. त्याने कप घेतला, एक घोट प्यायला, कप खाली ठेवला आणि बोट पलीकडच्या तळ्यावर टेकवलं.

"इथे पहिली केबिन," तो म्हणाला.

"पेट्रोल किती लागेल?" मी विचारलं.

"तीन पिंपं."

"आणि मार्टिन किती मिळतील?"

"तीन पिंपांएवढे नाही मिळणार."

"मग काय लिहू?"

त्याने फिलोमीनकडे बघितलं. ती बटाट्यांकडे बघत होती. "सभेपर्यंत थांब," तो म्हणाला.

सभा शाळेत भरते. खुर्च्या पहिलीच्या वर्गाच्या असतात, त्यामुळे कमिटीचे सभासद गुडघे छातीशी घेऊन बसतात आणि सभा लवकर संपते. ओव्हीद पाय लांब करून बसला होता. त्याचं नाव पुकारल्यावर तो उठायला लागला आणि खुर्ची त्याच्याबरोबर उठली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अँब्रोजने पुढे होऊन एका हाताने खुर्ची धरली आणि दुसऱ्या हाताने ओव्हीदला.

यादीत ओव्हीदनंतर नाव अँब्रोजचंच होतं. चाळिशीचा, कामाचा माणूस. नवी बर्फगाडी, चार पोरं, लाइन नाही.

"मामा, माझी काही घाई नाही," अँब्रोज म्हणाला. "कागदावर खालोखाल माझं नाव आहे, एवढंच."

"मी कुठे काही म्हणतोय?"

"तुम्ही काहीच म्हणत नाही, म्हणून विचारलं. यंदा जाणार का?"

"जाणार."

"खिंडीच्या पलीकडे?"

अध्यक्ष म्हणाले, "आराखडा नोव्हेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत द्यायचा आहे. पुढचा विषय."

बाहेर आल्यावर गॅस्पारने ओव्हीदला गाठलं. गॅस्पार फिलोमीनचा धाकटा भाऊ. त्याची स्वतःची लाइन पूर्वेला दलदलीत आहे.

"दाजी, एवढं तोंड पाडायला काय झालं? माझ्या फ्रीजरात बारा मार्टिन पडलेत गेल्या मार्चपासून. सोललेसुद्धा नाहीत मी. ह्या भावात सोलायचा कंटाळा आला. घेऊन जा, ताईला सोलायला सांगा, तुमच्या नावावर विका. दहाची अट आहे ना? दोन वर."

"ते तुझ्या लाइनीवरचे."

"त्यांच्या कपाळावर लिहिलंय का? यंदा मार्टिन पकडण्यापेक्षा मागून आणलेला स्वस्त पडतो, दाजी. इतकी अक्कल तर खात्यालाही असेल."

दुसऱ्या दिवशी गॅस्पार बारा गोठलेले मार्टिन लाकडासारखे काखेत धरून घेऊन आला आणि टेबलावर ओतले. आवाजही लाकडाचाच झाला.

फिलोमीनने ते शेगडीवरच्या तारेला मागच्या पायांनी ओळीत टांगले. ते दोन दिवस ठिबकत राहिले. खाली तिने रिकामे डबे ठेवले होते. तिसऱ्या दिवशी सोलायला घेतलं. मागच्या पायांवर एक चीर, मग अंगठे घालून कातडं मोज्यासारखं खाली ओढत आणायचं. शेपटीचं हाड दोन काड्यांच्या चिमट्यात धरून एका झटक्यात बाहेर. डोळ्यांशी आणि ओठांशी मात्र सुरीचं टोक लागतं, तिथे घाई चालत नाही. तिच्या बोटांना संधिवात आहे, पण सुरीला अजून ते कळलेलं नाही. बर्नीस आतल्या बाजूची चरबी खरवडत होती. टीव्हीवर हॉकी चालू होती, आवाज बंद करून.

"फळ्या आण," फिलोमीन म्हणाली.

ओव्हीद शेडमध्ये गेला तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा काखेत बारा फळ्या होत्या. कातडं वाळेपर्यंत त्या फळीवर उलटं ताणून ठोकतात. फळीचा जो आकार, तोच कातड्याचा होतो. ह्या फळ्या रोझेरने तासलेल्या होत्या. त्याच्या हातून टोक नेहमीच जरा जास्त निमुळतं व्हायचं आणि आई त्याला म्हणायची, "मार्टिन आहे की पेन्सिल?" तिने एक फळी हातात घेतली, टोकावरून अंगठा फिरवला आणि कातडं चढवलं. मग दुसरं. बर्नीस खिळे देत गेली. मध्यांतरात हॉकीवाल्यांनी पाणी प्यायलं, तेव्हा ह्यांनीही प्यायलं.

सोलून उरलेली धडं कुत्र्यांना द्यायची नसतात. जनावराने कातडं दिलं, आता त्याची हाडं तरी विटंबू नयेत. ती झाडाला उंच बांधतात. पुढच्या वर्षी जनावर परत येतं ते त्या बोलीवर. फिलोमीनने धडं दोन-दोन करून सुतळीने बांधली आणि ती मागच्या बर्चच्या झाडाकडे गेली. तिने शिडी लावली. ओव्हीदने खालून धरली. अंधार पडायला अजून अवकाश होता, वारा तळ्यावरून येत होता. काठाला पातळ बर्फ धरलं होतं आणि लाटांनी ते काचेसारखं किणकिणत होतं.

सहावी जोडी बांधून झाली. फिलोमीन खाली आली नाही.

"उतर," ओव्हीद म्हणाला.

"बारा झाले."

"हो. उतर, गार वारा आहे."

"गॅस्पारच्या बारांची हाडं मी बांधली."

"हो."

"आपली कोण उतरवणार?"

ओव्हीदने शिडी धरून ठेवली. त्याच्या पायाखालचा लाकडाचा भुगा सरकला, तेव्हा त्याने पाय बदलला.

"मी विचारलं काहीतरी," ती वरूनच म्हणाली.

"ऐकलं."

मग ती उतरली. घरात गेली, पक्कड घेतली आणि पहिल्या फळीवरचे खिळे काढायला लागली.

"अगं, सरकारशी खोटं बोलायचंय फक्त," ओव्हीद म्हणाला. "आपण काय पहिल्यांदा बोलतोय का?"

"सरकारशी हवं तेवढं बोल. मी कधी अडवलंय?" खिळा निघाला. "पण ह्या बारांनी सांगायचं, आम्ही लिंकलेटरच्या रानातले. आणि लिंकलेटरच्या रानात दोन वर्षं जे लोंबताहेत, ते कुणाचे? त्यांना कुणी विचारलं तर?"

"त्यांना कोण विचारतंय."

"मला विचारतात ते."

ओव्हीद खुर्चीवर बसला, पाय लांब करून. "असे राहिलेले सापळे ज्या हिवाळ्यात उतरवतात, त्या हिवाळ्यात तिथे नवीन लावत नाहीत. तुला माहीत आहे. रान मोकळं ठेवायचं. मग दहा कातडी कुठून येणार? लाइन जाईल."

"जाईल."

"माझ्या आज्याची—"

"माहीत आहे कुणाची ते. मीही एकोणीसची असल्यापासून तिथेच राबले."

दुसरी फळी रिकामी झाली. ओव्हीद नकाशाच्या गुंडाळीकडे बघत होता. "किती आहेत तेही माहीत नाही," तो म्हणाला. "वही त्याच्याजवळ होती. कुठे कुठे शोधायचं?"

"त्रेचाळीस," बर्नीस म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं. ती चरबीने माखलेलं पातं फडक्याला पुसत होती.

"निघताना माझ्याकडून मोजून घेतले होते. पोत्यात मीच भरले. दोनदा मोजले."

"बोलली नाहीस कधी?" फिलोमीन म्हणाली.

"विचारलं कुणी?" बर्नीसने पातं जागेवर ठेवलं. "मी येणार बरोबर. शाळेतून सुटी घेते."

बारा कातडी आणि एक मूस हरणाचा खांदा, हे सगळं दुसऱ्या दिवशी गॅस्पारकडे परत गेलं. खांदा सोलण्याच्या त्रासाबद्दल होता, असं फिलोमीन म्हणाली. त्रास कोणाला झाला होता ते गॅस्पारने विचारलं नाही. मूसचा खांदा तो परत करणाऱ्यांपैकी नव्हे.

चौदा तारखेला मी फॉर्म घेऊन बसलो.

"कोणते प्राणी?"

"कोणतेच नाहीत."

"किती सापळे लावणार?"

"शून्य."

"मामा, शून्य लिहिलं तर हा आराखडाच होत नाही. लाइन अँब्रोजला जाईल."

"उतरवणार त्रेचाळीस, असं लिही."

"उतरवायचा रकाना नाहीये."

"मग कुठेतरी लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी समासात लिहिलं. फेब्रुवारीत खात्याचं पत्र आलं, की समासातील आकड्याचा बोध होत नाही, तरी तो योग्य रकान्यात भरून पाठवावा.

नोव्हेंबर संपता संपता तळं धरलं. ओव्हीद आणि बर्नीस निघाले त्या दिवशी मी बघायला गेलो होतो. स्लेजवर पीठ, चरबी, चहा, तंबू, बर्फ तपासायची पहार आणि रिकामी पोती. आमिषाची बादली नाही, तार नाही. पिंपात उकळलेले ते वीस सापळे शेडमध्ये लटकत होते. शिकारीला निघालेली इतकी हलकी स्लेज मी कधी बघितली नव्हती. गुडघ्याला ओव्हीदने फ्लॅनेलची पट्टी बांधली होती, पँटच्या वरून, म्हणजे ती सगळ्यांना दिसत होती.

अँब्रोज बर्फगाडीवरून आला. इंजिन चालूच ठेवून त्याने पेट्रोलचा एक कॅन स्लेजवर ठेवला.

"हे कशाला?" ओव्हीद म्हणाला.

"जास्तीचं होतं."

पेट्रोल जास्तीचं असलेला माणूस आमच्या गावात अजून जन्मला नाही. ओव्हीदने कॅन बांधून घेतला.

ते काठाने गेले. खिंडीला वळसा घालताना ओव्हीद उतरून पुढे चालला, दर चार पावलांवर पहार मारत, तो लंगडा पाय ओढत. अर्ध्या दिवसाच्या वाटेला त्यांना सबंध दिवस लागला. हे मला नंतर बर्नीसने सांगितलं, तेही शाळेत बटाट्याचं पोतं उचलून देताना, एका वाक्यात.

त्या संध्याकाळपासून रेडिओवर तिचा आवाज यायला लागला. केबिनमधून, सहा वाजता. हवामान सांगायची, आणि मग एक आकडा.

"आज चार."

दुसऱ्या दिवशी, "आज सहा. एकूण दहा." तिसऱ्या दिवशी वादळ होतं, "आज एकही नाही." सापळ्यांत काय होतं ते तिने सांगितलं नाही. तिरक्या वाशांवरच्या त्या डब्यांत दोन वर्षांनी काय उरतं ते गावाला माहीत होतं. सहा वाजता दुकान रिकामं व्हायला लागलं. कोणी म्हणत नव्हतं की ऐकायला जातोय. गॅस्पार म्हणायचा, हवामानासाठी ऐकतो. आयुष्यात कधी त्याने हवामान ऐकून काही केलेलं नाही.

बाराव्या दिवशी ती म्हणाली, "आज तीन. एकूण बेचाळीस."

मग खरखर. मग ओव्हीदचा आवाज आला. दोन वर्षांत तो रेडिओवर बोलला नव्हता. "एक कमी पडतोय. उद्या शोधतो."

तेराव्या दिवशी, "नाही सापडला. उद्या ओढ्याच्या वरच्या अंगाला बघतो."

चौदाव्या दिवशी वजा अडतीस होतं. सहा वाजून गेले तरी कोणी बोलेना. गावभर नुसती खरखर चालू होती. मग कोणीतरी बटण दाबलं, ते सोडायला विसरलं, आणि आम्हाला शेगडीचा आवाज ऐकू आला, आणि ओव्हीद म्हणत होता, "उद्या परत जातो. वरच्या अंगाला राहिलं असेल."

"बाबा," बर्नीसचा आवाज आला. "पुरे. तो त्याच्याजवळ असेल. स्लेजवर. बेचाळीसच लावले असतील त्याने."

शेगडीचं दार वाजलं, आत लाकूड सरकवल्याचा आवाज आला. मग ओव्हीद म्हणाला, "हो." आणि बटण सुटलं.

सतराव्या दिवशी ते परत आले. काठानेच आले. पोत्यांत सापळे होते. हाडं त्यांनी तिथल्या तिथेच, ज्याची त्याच्या झाडाला, उंच बांधली होती. फिलोमीनने सापळे पिंपात उकळले, वाळवले, शेडच्या भिंतीला टांगले. खिळे त्रेचाळीस होते. एक रिकामा राहिला.

मार्चमध्ये लाइनीचे कागद बदलायचे होते. मी अँब्रोजला घेऊन ओव्हीदकडे गेलो. ओव्हीदने सही केली, पेन टोपण लावून माझ्या खिशात परत खोचलं. अँब्रोज टोपी हातात घेऊन उभा होता, चोरी करताना सापडल्यासारखा.

"बस," ओव्हीद म्हणाला. "उभं राहून नकाशा दिसत नाही."

त्याने कॅलेंडर पसरलं. फिलोमीनने चहा ठेवला. ओव्हीदने गावावर बोट ठेवलं. बोट नदीच्या तोंडाशी गेलं, बेटाला वळसा घालून मोठ्या तळ्यावरून निघालं आणि खिंडीपाशी आलं. कप डाव्या हाताशी होता. त्याने तो घेतला नाही. बोट खिंडीवर टेकवलं.

"इथे," तो म्हणाला, "वजा तीस असू दे, वजा चाळीस असू दे. रेडिओवर कोणी काहीही सांगू दे. काठाने जायचं. अर्धा दिवस जातो."

"बरं, मामा."

"जाऊ दे अर्धा दिवस."

"हो."

ओव्हीदने बोट उचललं नाही. पुढची वाट विचारायला अँब्रोज थांबला होता. फिलोमीनने गार झालेला कप नेला आणि दुसरा आणून ठेवला.